वाटेत हरवलेले चोवीस व्होल्ट

नाकाडे हे त्याचं आडनाव नव्हतं. पण नव्याने राहायला आलेली माणसं तसंच समजत, आणि एकदोघांनी तर आमंत्रणावरही ‘श्री. नाकाडे व कुटुंबीय’ असं लिहून पाठवलं होतं. त्यानं कधी दुरुस्ती केली नाही. नाक तसं बेताचंच होतं. नाव पडलं ते धंद्यामुळे. तो वायरमन होता, आणि कुठे तार तापत असेल, प्लग करपत असेल, तर त्याला ते दारातच वासावरून कळायचं. घरची माणसं आपली तक्रार सांगत असायची, पंखा हळू फिरतो, दिवा फडफडतो, आणि हा चपला काढता काढता म्हणायचा, "आधी फ्रिजमागचा प्लग बघू." प्लग उपसला की आत कोळसा. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसून वर मान मिळवणारा जगातला हा एकच माणूस, असं त्याच्या बहिणीच्या इमारतीतले लाँड्रीवाले काका सगळ्यांना सांगत.

मग एका हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण चहाला चव लागेना. सर्दी असेल म्हणून त्यानं वाट पाहिली. नाक तर मोकळं होतं. एका सकाळी तो ओट्यापाशी स्टुलावर बसून पेपर वाचत होता आणि हाताच्या अंतरावर दूध उतू जाऊन, आटून, पार करपून गेलं. बायको बाहेरून धावत आली, गॅस बंद केला, आणि काही बोलायच्या आधी तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पेपरातून डोकं वर काढून ‘काय झालं?’ अशा चेहऱ्यानं बघत होता.

"तुम्हाला वास आला नाही?" तिनं हळूच विचारलं.

तिनं फिनेलची बाटली आणून त्याच्या नाकाखाली धरली. मग लसूण. मग त्यानं स्वतःच बॅगेतून वायरचा एक तुकडा काढून काडीनं पेटवला. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही नाही.

"डॉक्टर म्हणतात, परत येईलही," तो म्हणाला. "कधीकधी येतो, कधी येत नाही."

"म्हणजे तुम्ही डॉक्टरकडेही जाऊन आलात आणि मला पत्ता नाही."

"कुणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? पण घरात मी आहे वास घ्यायला. बाहेर काय कराल?"

तिचा प्रश्न त्याच्या मनात कुसळासारखा रुतला. मग एकदा एका शिंप्यानं त्याला बोलावलं. "कालपासून काहीतरी जळल्यासारखा वास येतोय, बघ, तुला आलाच असेल," शिंपी म्हणाला, आणि हा दुकानाच्या मध्यभागी उभा राहून मान हलवत राहिला. हो, येतोय. कुठून येतोय हे मात्र सांगता येईना. शेवटी एकेक स्विच खोलून त्यानं दोष काढला, पण घरी येताना वाटेभर तेच डोक्यात होतं. सापडलं नसतं तर? ‘नाकाडे बघून गेला’ एवढ्यावर तो माणूस दुकानात निर्धास्त झोपला असता.

त्यानंतर त्यानं मीटर हातात घेतलं, खऱ्या अर्थानं. मीटर त्याच्याकडे पहिल्यापासून होतं, पण वीज आहे की नाही एवढंच बघायला. धंदेशिक्षणाच्या वर्गात मास्तरांनी पाढ्यांसारखं घोकून घेतलेलं त्यानं पुन्हा आठवलं: व्होल्टला अँपिअरनं भागलं की अडथळा मिळतो, ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की शक्ती मिळते, वॉटमध्ये. तेव्हा हे परीक्षेपुरतं होतं. नाक असताना भागाकार कोण करतो? आता तो घरच्या टेबलावर मुद्दाम सैल जोड करून त्यातून दिवा लावायचा, जोडाच्या अलीकडे किती व्होल्ट, पलीकडे किती, हे मोजायचा, आणि जोड किती तापतो ते लांबून बोट नेऊन बघायचा. बायको भाजी निवडत बघत असे.

"म्हणजे घरून डबा भरून निघाला आणि पोचला तेव्हा अर्धा," ती एकदा म्हणाली. "वाटेत कुणीतरी खाल्ला."

"बरोबर. आणि जो खातो, तो तापतो."

"मग वाट तपासा, डबा नको."

तसंच तो करू लागला. काम लांबायचं. लोक कुरकुरायचे, नाकाडेला हल्ली झालंय काय, आधी दोन मिनिटांत सांगायचा. तो हसून वेळ मारून न्यायचा. बहिणीलाही त्यानं सांगितलं नव्हतं. ताई त्याच्याहून मोठी, तिनंच त्याला शिकवलेलं, आणि तिच्यासमोर दुबळं दिसणं त्याला लहानपणापासून जमत नव्हतं.

ताईचं पाळणाघर होतं. जुनी दुमजली इमारत, लाकडी तुळयांची. खाली लाँड्री, वर पाळणाघर, आणि लाँड्रीच्या भिंतीला लागून वर जाणारा एकच अरुंद लाकडी जिना.

एका दुपारी लाँड्रीवाल्या काकांनी त्याला बोलावलं. इस्त्र्या तापत नाहीत. आधीच्या तापेनात म्हणून काकांनी जास्त वॉटच्या नव्या आणल्या, तर त्यांचंही तेच रडगाणं. इस्त्री करणाऱ्या मावशी हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"चादर दहादा घासावी लागते," त्या म्हणाल्या. "हिच्यापेक्षा मी नुसता हात फिरवला तरी सुरकुती जाईल."

"कंपनी फसवते, दुसरं काय," काका म्हणाले. "तू फक्त बघून सांग, परत करायच्या का."

त्यानं दोन्ही इस्त्र्या चालू ठेवायला सांगितलं आणि दाराजवळच्या मेन बोर्डवर मीटर लावलं. दोनशे तीस व्होल्ट. ठीक. मग आत इस्त्रीच्या टेबलावरच्या बोर्डवर लावलं. दोनशे सहा.

त्याला वाटलं चुकून वाचलं. पुन्हा लावलं. दोनशे सहा.

"मावशी, इस्त्र्या बंद करा जरा."

बंद केल्याबरोबर आकडा चढून दोनशे तीस झाला. चालू केल्या, पुन्हा दोनशे सहा. त्यानं तारेभोवती प्रवाह मोजायचं चिमट्याचं मीटर धरलं. बारा अँपिअर. आकडे एवढे सरळ होते की कागद लागला नाही. वाटेत चोवीस व्होल्ट हरवत होते. चोवीस भागिले बारा, दोन ओहम. चांगल्या तारेला एवढ्या अंतरात तीनेक व्होल्ट पुरतात. बाकीचे कुठल्यातरी एका सैल, गंजक्या जोडात जात होते. चोवीस गुणिले बारा, दोनशे अठ्ठ्याऐंशी वॉट. त्यातले तारेचे सोडले तरी अडीचशे. त्याच्या बॅगेतलं तारा जोडायचं सोल्डरिंगचं यंत्र पंचवीस वॉटचं होतं आणि त्यानं धातू वितळायचा. तशी दहा यंत्रं एका मुठीत धरून कुणीतरी या भिंतीच्या आत ठेवली होती, आणि काकांनी नव्या इस्त्र्या आणल्यापासून ती आणखी तापत होती.

भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लायवूड होतं. वर लाकडी तुळया. तुळयांवर ताईची फरशी.

त्यानं जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखे मंदावत थांबले.

"अरे, हे काय?" काका गल्ल्यामागून उठले. "इस्पितळाच्या चादरी आहेत, संध्याकाळी द्यायच्यात."

"काका, या भिंतीत कुठेतरी जोड तापतोय. फार तापतोय. ही तार कुठून कशी गेलीय?"

"काय माहीत. प्लायवूड मारलं तेव्हा सगळं मागे गेलं." काकांनी हवेत दोनदा हुंगलं, मग त्याच्याकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं. दोघं वाट बघत होते. "मला तर काही वास येत नाही. तुझं नाक काय म्हणतं?"

खोलीत साबणाचा, वाफेचा, ओल्या कापडाचा वास असणार, एवढं त्याला आठवणीतून माहीत होतं. त्याच्या जगात तिथे नुसती हवा होती. येतोय म्हणावं, की विषय मिटला. काका लगेच ऐकतील. पण मग विचारतील, कुठून? आणि तो शिंप्याच्या दुकानात उभा होता तसाच पुन्हा उभा राहील, आणि या वेळी डोक्यावर झोपलेली पोरं असतील.

"माझं नाक काही म्हणत नाही," तो म्हणाला. "हिवाळ्यातल्या तापात गेलं ते. मला कसलाच वास येत नाही."

मावशींचा हात तोंडाकडे गेला. काका खुर्चीचा हात धरून तसेच राहिले.

"थट्टा करतोस?"

"नाही."

"मग तुला कळलं कसं?"

"मोजून." त्यानं त्यांना मीटर दाखवलं, इथे किती, तिथे किती, मधे किती गेले. काका ऐकत होते, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. नाकावर जेवढा होता तेवढा तरी नव्हता.

"मीटर बिघडलं असेल," ते म्हणाले.

"असेल. तसं असेल तर तुमची एक दुपार वाया गेली. नसेल तर काय, ते मी बोलत नाही. मी पोरांना खाली आणतो."

काकांनी वर छताकडे पाहिलं. त्यांची नातही तिथेच असायची. पुढचं काही न बोलता त्यांनी गल्ला बंद केला आणि रस्त्याच्या बाजूचं मोठं दार सताड उघडलं.

वर पडदे ओढलेले होते. गाद्यांवर मुलं ओळीनं झोपली होती, काही पालथी, काही एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. ताई कोपऱ्यात एका तान्ह्याला मांडीवर थोपटत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, मुलांना खाली घे. आत्ता."

"वेड लागलंय का? आत्ताशी डोळा लागलाय सगळ्यांचा. आणि वीज तू घालवलीस?"

"खाली भिंतीत जोड जळतोय. कुठे ते अजून माहीत नाही."

ती उठता उठता थांबली. "जळतोय? जळका वास नाही आला. सकाळपासून मासे सडल्यासारखं येतंय तेवढं. मी म्हटलं शेजारच्यांचा कचरा असेल."

प्लगचं, स्विचचं ते कडक प्लास्टिक तापलं की अगदी तसाच वास येतो, हे त्यानंच कितीजणांना शिकवलं होतं.

"कुठे येतो जास्त?"

"तू इथे उभा आहेस आणि मला विचारतोस? तुलाच..." ताई बोलता बोलता गप्प झाली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, लहानपणी खोटं पकडताना पाहायची तसं. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"बरं," एवढंच ती म्हणाली. पण त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं ते त्याला कळलं. "ते नंतर बघते. जास्त येतो तो जिन्याकडच्या कोपऱ्यात."

जिना एकच. मुलांना त्याच कोपऱ्यावरून न्यायचं होतं. ताईनं तान्ह्याला खांद्यावर टाकलं, दुसऱ्या हातात आणखी एक. त्यानं दोघांना उचललं. मोठी मुलं डोळे चोळत, एकमेकांची शर्टं धरून निघाली. एकानं विचारलं, घरी जायचंय का? एक मुलगी चादर सोडायला तयार नव्हती, ती चादरीसकट निघाली आणि पायात अडकून जिन्याच्या मधोमध बसली. मागची सगळी रांग थांबली. वायरमनचा खांदा प्लायवूडला टेकला होता आणि कापडातून त्याला ऊब जाणवली, की जाणवल्यासारखी वाटली. खालून मावशी वर चढल्या, त्या मुलीला चादरीसकट गाठोड्यासारखी काखेत मारली आणि रांग पुन्हा हलली. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटचं मूल समोरच्या फुटपाथवर पोचलं तेव्हा ताईनं डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि मगच श्वास सोडला.

"आता फायर ब्रिगेडला बोलव," ती म्हणाली.

"काका करतायत फोन. पण ते येईपर्यंत आत धुमसत राहिलं तर तुळई पेट घेईल. सगळं प्लायवूड उचकटायला फार वेळ जाईल. मला जागा हवी, नेमकी."

"मग?"

"वीज बंद असताना मीटर मुकं असतं. थोडा वेळ चालू करावी लागेल. इस्त्र्यांसकट."

"म्हणजे पुन्हा तापवणार."

"हो. थोडा वेळ."

ताईनं मुलांकडे पाहिलं, मग मावशींकडे. "मुलं तुम्ही सांभाळा," ती मावशींना म्हणाली, आणि भावाला, "तू मोज. वास मी घेते. अर्धं काम तुला जमत नाही ना आता."

तो नको म्हणायच्या आत ती आत शिरली.

काका मेन स्विचजवळ उभे राहिले. त्यानं बजावलं, मी ‘बंद’ म्हणालो की विचारायचं नाही, ओढायचं. काकांनी मान हलवली. दोन्ही इस्त्र्या स्टँडवर उभ्या केल्या, बटणं चालू. जिन्याच्या पायथ्याशी दिव्याचा एक लहान बोर्ड होता; तार त्याच्यातून पुढे जात असावी, असा त्याचा अंदाज. त्यानं झाकण काढलं.

"चालू."

पंखे गुरगुरले. जिन्याच्या बोर्डवर मीटर टेकवलं. दोनशे एकोणतीस. म्हणजे इथवर डबा भरलेला. तो टेबलाकडे निघाला. भिंतीच्या मध्यावर पंख्याचा बोर्ड होता. त्याचे स्क्रू निघेनात. घामानं पेचकस हातातून निसटत होता.

"इथे," ताई जिन्याजवळून म्हणाली. तिनं प्लायवूडच्या फटीला नाक लावलं होतं. "नाही, थांब. इथे आहे, पण वर जास्त आहे."

झाकण निघालं. त्यानं मीटर टेकवलं. दोनशे आठ.

"बंद," तो म्हणाला.

काकांनी स्विच ओढला. जिन्याचा बोर्ड आणि पंख्याचा बोर्ड, एवढ्यातच. मधे प्लायवूडचा एकच तक्ता होता, आणि त्या तक्त्याच्या वरच्या फटीतून आता धुराचा एक बारीक दोरा निघताना सगळ्यांनाच दिसला.

काकांनी पहार आणली. त्यानं तक्त्याच्या कडेत घुसवून जोर दिला, खिळे किंचाळले, तक्ता अर्धा सुटला आणि हवा लागताच आत लाल झालं. जोडाची जुनी लाकडी पेटी कोळशासारखी फुलली होती आणि तिच्यावरची तुळई खालच्या अंगानं काळी पडून कडेनं चमकत होती. त्याला एक क्षण हलताच येईना. ताईनं मागच्या पिंपातून ओली चादर ओढली, पाणी निथळत होतं तशीच, आणि भिंतीवर दाबली. चर्र आवाज झाला, वाफ आली. दुसरी चादर काकांनी टाकली. इस्पितळाच्या चादरी, संध्याकाळी द्यायच्या होत्या त्याच. तिसरी, चौथी. तो भानावर आला, स्टुलावर चढला आणि तुळईला ओल्या चादरीचे वेढे देत राहिला. बंब आला तेव्हा नुसता धूर उरला होता. बंबवाल्यांनी वरची फरशी उचकटून पाणी मारलं, तुळईला कुऱ्हाडीनं टोचून बघितलं, आणि इमारत आठवडाभर रिकामी ठेवायला सांगितली.

"आणखी एखादा तास गेला असता," त्यांचा प्रमुख म्हणाला, आणि बाकीचं वाक्य त्यानं काकांच्या चेहऱ्याकडे बघून सोडून दिलं.

वायरमन जाऊन फुटपाथवर बसला. ताई शेजारी येऊन बसली. तिच्या साडीला काजळी लागली होती.

"बायकोला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नाही."

"तू काळजी केली असतीस."

"करायचीच होती. वर पोरं माझी, खाली वायरिंग तू बघणार या भरवशावर मी झोपवते त्यांना." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे त्याला जास्त लागलं. "तुझं नाक गेलं त्याचं मला काही नाही. ते गेलं हे मला माहीत नव्हतं, त्याचं आहे."

ती उठून मुलांच्या आईबापांना फोन करायला गेली, आणि आलेल्या प्रत्येकाला तिनं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. एक आई ऐकून घेतल्यावर मुलाला उचलून निघून गेली, ती पुन्हा आली नाही. एक बाप मात्र ताईबरोबर फुटपाथवर बसून राहिला, शेवटचं मूल जाईपर्यंत.

गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. काही घरची कामं तुटली. ज्याला वास येत नाही त्याला वायरिंग कसं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात अगदीच चूक होतं असंही नाही. तो आता कामाला गेला की दारातच सांगतो, मला वास येत नाही, तुम्हाला कुठे काही आला असेल तर आठवून सांगा. माणसं आधी चपापतात, मग सांगतात, आणि पुष्कळदा नाकाडेलाही पूर्वी कळलं नसतं एवढं सांगतात. लाँड्रीची तार त्यानं नवी ओढली, भिंतीबाहेरून, दिसेल अशी. काकांना स्वतःच्या हातानं दोन्ही टोकांना मीटर लावायला दिलं. तीन व्होल्टचा फरक आला. "हे तीन कुठे गेले?" काकांनी लगेच विचारलं, आणि तारेलाही थोडं लागतं हे त्यांना पटवताना त्याची पुरेवाट झाली.

इमारत बंद होती तेवढे दिवस पाळणाघर त्याच्या दोन खोल्यांत भरलं. कल्पना त्याच्या बायकोची. ताईनं आढेवेढे घेतले नाहीत, पण भावाशी ती अजून मोजकंच बोलत होती. पहिल्या दिवशी तो दुपारी जेवायला घरी आला तर दार लोटलेलं. आत गाद्या, सतरंज्या, त्याची स्वतःची दुलई, सगळ्यावर मुलं झोपलेली. पाय ठेवायला जागा नाही. बायको भिंतीला टेकून एका बाळाला थोपटत होती. ताईनं स्वयंपाकघराच्या दारातून त्याला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तो चपला हातात घेऊन तिथेच उभा राहिला. थोड्या वेळानं ताई गाद्यांच्या मधून वाट काढत आली, एक ताट त्याच्या हातात दिलं, आणि पायरीवर बसून खा, अशी खूण केली.